फिकं ते खोटं

३ तारीख, सोमवार

पोचले बाई एकदाची लेकीकडे. दोन बस आणि एक टेम्पो. टेम्पोवाल्यानं वाटेत त्याच्या सासूची सगळी कुंडली ऐकवली, मीही माझ्याकडची भर घातली. पण ठकी मला बघून बिनदातांचं हसली आणि सगळा शीण उतरला. माझेही दात बेताचेच, त्यामुळे आमचं लगेच जमलं. ठकी म्हणजे माझी नात, अजून रांगते आहे. लेक इथं बियाण्याच्या शेतावर रानडुकरं मारायच्या कामाला आहे. हो, बंदुकीनं. लहानपणी झुरळ दिसलं की माझ्या पदरात शिरायची. जावईबापू ट्रकवर असतात, रविवारचे कधीतरी येतात. मग पोरीला सांभाळणार कोण, तर मी. माझं शिक्षण जेमतेम, पण लेकीनं वही दिली. म्हणाली, आई, माझं डोकं खाण्यापेक्षा हिचं खा.

५ तारीख, बुधवार

घर शेताच्या मधोमध. खाली स्वयंपाकघर, वर एक खोली, तिला ही एवढी मोठी खिडकी. तिथून थेट तारेच्या कुंपणापर्यंत दिसतं. लेकीनं बंदुकीसाठी नवी दुर्बीण घेतली, म्हणून जुनी खिडकीत तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवली आहे. संध्याकाळी ती कुंपणाशी जाते तेव्हा मी ठकीला मांडीवर घेऊन दुर्बिणीतून बघायचं आणि डुकरं कुठं शिरली ते फोनवर सांगायचं. या वयात मला नोकरी लागली म्हणायची.

दुर्बिणीच्या आत नेम धरायला एक लाल ठिपका पेटतो. मला तो फुटलेल्या टोमॅटोसारखा दिसतो, वर शेपूट निराळी. लेक म्हणाली, तुझ्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर असणार. मी म्हटलं, सिलिंडर तर परवाच भरला. ती इतकी हसली की ठकी दचकली. मग तिनं समजावलं, की बुबुळ चेंडूसारखं गोल न राहता अंड्यासारखं चपटलं की असं होतं, आणि तिलाही ते आहे, माझ्याकडूनच गेलेलं. मागचं कडं फिरवून आतल्या रेघा स्पष्ट होतात, पण ठिपका काही गोल होत नाही. चष्मा लावला तर दुर्बिणीला आपटतो, म्हणून ती लावत नाही. तिचा आपला एक नेम आहे. एकाच्या जागी दोन दिसली की ठळक ते खरं, फिकं ते खोटं.

९ तारीख, रविवार

इथला राखणदार मोठा गमत्या. ढेरी सुटलेली, डावा पाय ओढत चालतो. खिडकीखाली थांबून म्हणतो, आजी, तुमच्या दुर्बिणीत मी बारीक दिसतो का. मी म्हणते, मावत नाहीस रे.

आज दुर्बिणीत तो दोन दिसला. पुढे होता तो पाय ओढत चाललेला, आणि त्याच्या पाठीला लागून दुसरा, ताकावरच्या पाण्यासारखा पातळ. लेकीला सांगितलं. ती म्हणाली, मला तर पहिल्यापासून दिसतो, डोळ्याचाच खेळ. बरं, म्हटलं. पण तो फिका सरळ चालत होता. पाय ओढत नव्हता.

१४ तारीख, शुक्रवार

चष्मेवाल्याकडे जाऊन आले. गोड मुलगा, पण बोलायला उसंत देईना. त्यानं एक युक्ती सांगितली. मान तिरकी करून बघायचं. ठिपक्याची शेपूट मानेबरोबर फिरली तर दोष डोळ्यात. नाही फिरली तर दोष बाहेर.

नवा चष्मा घालून दुर्बिणीला डोळा लावला. चष्मा आपटतो खरा, पण ठिपका कसा मसुराच्या दाण्यासारखा गोल. मी ठकीचा मुका घेतला.

मग राखणदार आला. तरीही दोनच दिसले. चष्मा काढला, मान तिरकी केली. ठिपक्याची शेपूट फिरली. तो मागचा फिरला नाही.

लेकीला सांगितलं. म्हणाली, नवा चष्मा आहे, सवय व्हायला वेळ लागतो.

१८ तारीख, मंगळवार

आज राखणदार खिडकीखालून गेला. मी हाक मारली. त्यानं वर बघितलं, हसला आणि तसाच पुढे गेला. ठकी त्याला बघून रोज खिदळते, आज माझ्या कुशीत तोंड लपवून बसली.

दुर्बीण लावली. ठळक होता तो सरळ चालत होता. त्याच्या मागे फिका. फिका पाय ओढत होता. हात वर करून काहीतरी ओरडत होता, आवाज नव्हता.

लेकीला म्हटलं, चल इथून, आत्ताच्या आत्ता. चिडली. हंगाम आहे, आई, रविवारी हे येतील तेव्हा बघू. मी तिला मान तिरकी करून बघ म्हटलं. तर म्हणाली, तुझीच मान कधी सरळ असते.

२० तारीख, गुरुवार

कुंपणाची तार तुटली म्हणून लेक गेली होती. मी दुर्बिणीतून बघत होते. राखणदार तिच्या शेजारी उभा, अगदी सरळ. आणि तिच्या पाठीशी – पातळ – तिच्यासारखी वेणी.

फोन करून म्हटलं, मागे बघ. तिनं बघितलं. कुणी नाही, आई, म्हणाली.

रात्री तिला जवळ घेऊन झोपले. आणखी काय करणार.

२१ तारीख, शुक्रवार

दुपारी मी ठकीला भरवत होते, ती न सांगता गेली. ओट्यावर नुसती चिठ्ठी, तार पुन्हा तुटली. फोन उचलत नाही. जावईबापूंचा लागत नाही.

ऊन अजून आहे. येताना दिसली. दोघी. पुढची ठळक, ऐटीत चाललेली. मागची फिकी, धावते आहे, पोचत नाही. दोन्ही हात हलवून नको नको करते आहे. मान तिरकी केली. दोन्हीकडं केली. दोघी तशाच.

नेमानं पुढची खरी –

मी वरच्या खोलीच्या दाराला कडी घातली.

ती जिन्यात आली आहे. आवाज तिचाच. आई, दार उघड. ठकी त्या आवाजाला उड्या मारते एरवी. आता ढिम्म. खिडकीकडे हात करते आहे आणि टाळ्या – अंगणाकडे बघून हसते आहे –

अंगणात माझी लेक आहे. चष्म्यातून जेमतेम दिसते. नुसती कड राहिली आहे तिची. तोंड हलतं आहे. ठकीला हाक मारते आहे बहुतेक.

दारामागची किती मायेनं सांगते आहे, आई, तो नवा चष्मा त्रास देतोय तुला, काढ तो, म्हणजे मी एकच दिसेन.

कडी आपोआप सरकते आहे. ठकीला पदरात बांधलं आहे. चष्मा मी काढणार ना–