पेटीवरचं नाव

नजीबमामा,

आधी 'आदरणीय' लिहिलं होतं, ते खोडलं.

आपल्या स्फॅक्सहून फ्रान्सला शिकायला आले त्या दिवशी आईने पाठवलेला ऑलिव्ह तेलाचा डबा तुम्ही दारातच माझ्या हातातून घेतलात. "आपलंच घर समज, पोरी," म्हणालात. मी म्हटलं, खाली टपालाच्या पेटीवर माझंही नाव चिकटवू या. तर तुम्ही म्हणालात, "चार दिवसांची पाहुणी तू, पेटीवर नाव कशाला? शेजारी दहा प्रश्न विचारतात."

वसतिगृहात खोलीसाठी अर्ज केला होता, त्याचं उत्तर तुमच्या पत्त्यावर यायचं होतं. बाराव्या दिवशी तिथल्या ऑफिसात गेले. तिथली बाई म्हणाली, "तुला पाठवलेलं पत्र परत आलं. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन टाकत नाही, एवढंही कोणी सांगितलं नाही तुला? खोली दुसरीला दिली."

तुम्हाला माहीत होतं, मामा. वीस वर्षं राहताय इथे.

आता वर्गातल्या मैत्रिणीकडे जमिनीवर झोपते. पण माझी बॅग आत यायच्या आधी तिने पेटीवर माझं नाव लावलं.

तुम्ही नागरिकत्वाच्या मुलाखतीच्या पत्राची वाट बघताय ना? रोज पेटीला चावी लावायची, रिकामी दिसली की सरकारला शिव्या घालायच्या. स्वतःच्या नावाकडे कोण बघतं? निघताना तुमच्या नावाची पट्टी मी सुरीने उचकटली. ती आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे.

हे पत्र काही टाकत नाही. टाकलं तरी परत माझ्याकडेच येईल.

तुमची चार दिवसांची पाहुणी,
रीम