हरल्यानंतरचे आभार

बाबा, जर्मनीत ब्राउनश्वाइगला येऊन मला दोन वर्षं झाली. कोरियातल्या एका छोट्या, मध्यममार्गी उदारमतवादी पक्षावर मी इथे पीएचडी करते आहे. तुम्ही असतात तर हे ऐकून आधी हसला असतात आणि मग नकाशा मागितला असतात. पक्ष मूठभर खासदारांचा. डावे त्याला उजवा म्हणायचे आणि उजवे डावा, अगदी तुमच्या पक्षासारखंच. गेल्या महिन्यात तो एका मोठ्या पक्षात विलीन झाला. आज प्रोफेसर चष्मा काढून म्हणाले, "आल्झो, म्हणजे थोडक्यात, तुमचा पक्षच आता उरला नाही. जिंकलेल्यांवर लिहा. सोमवारपर्यंत नवा विषय सांगा."

वोनहाइमच्या, म्हणजे आमच्या हॉस्टेलच्या, सामायिक स्वयंपाकघरात मी हे तणतणत सांगत होते. माझी कोरियन शेजारीण कोबी चिरत होती. तिने याच पक्षाचा प्रचार केलेला. हात पुसून तिने लॅपटॉपवर एक व्हिडिओ लावला. निकालानंतरची सकाळ. तिचा पडलेला उमेदवार पक्षाचा पट्टा घालून चौकात उभा आहे आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीला कमरेत वाकून नमस्कार करतो आहे.

"हरल्यावर?" मी विचारलं.

"मतं मागायला वाकलो, मग आभार मानायला नको? आमच्याकडे बरेच जण करतात."

मला तुम्ही दिसलात. नगरपालिकेला तुमचं डिपॉझिट जप्त झालं आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून तुम्ही अख्ख्या वॉर्डात दारोदार आभार मानत फिरलात. मी लाजेने कॉलेज बुडवून घरात बसले होते. संध्याकाळी तुम्ही आलात तशी मी फणकारले, "बाबा, लोक हसताहेत. पुरे करा ना आता!"

"ज्यांनी मत दिलं ते नाही हसत," तुम्ही म्हणालात. "त्यांना वाऱ्यावर सोडू?" मग चपला काढून तुम्ही आपल्याच दारात माझ्यापुढे हात जोडलेत. "ताई, आपलेही आभार." आई हसली. मी आत निघून गेले.

सोमवारी मी प्रोफेसरांना स्पष्ट सांगणार आहे, विषय बदलणार नाही. पक्ष गेला असेल, पण त्याला मत देणारी माणसं आहेतच ना? ती आता कुणाकडे गेली, हे मी लिहीन. ते नाही म्हणाले तर दुसरा मार्गदर्शक शोधेन, पण मागे हटायची नाही.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? वहीतच राहील. एक मात्र तुम्ही दारात हात जोडलेत तेव्हाच सांगायला हवं होतं. ते माझं पहिलं मतदान होतं. मत वाया जाऊ नये म्हणून मी ते तुमच्याविरुद्ध जिंकणाऱ्याला दिलं होतं.