नागाव की आक्षी

अप्पा, येत्या शुक्रवारी मला तीन दिवस समुद्रावर जायचं आहे, आणि नागावला जावं की आक्षीला, हे गेले तीन आठवडे ठरत नव्हतं. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं कधी वाटलं नाही, आणि आता लिहायला बसले ती या असल्या कारणासाठी, हे बघून तुम्ही मिशीतल्या मिशीत हसला असतात. रविवारची दुपार आहे, आई कॉटवर झोपली आहे. समोरच्या गिरणीच्या जागेवर आता दोन टॉवर उभे आहेत, ते तुम्ही पाहिले नाहीत. त्यांच्या मधल्या फटीतून आपल्या खिडकीत रोज वीसएक मिनिटं ऊन येतं, तेवढंच. डॉक्टरांनी मला सांगितलंय की अंगात ड जीवनसत्त्व फार कमी आहे, उन्हात बसत जा. लालबागात उन्हात बसायचं म्हणजे एक तर गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमध्ये, नाहीतर पुलाखालच्या रस्त्यापलीकडे जाऊन दुभाजकावर. म्हणून हा समुद्र निघाला.

दोन्ही गावं एकमेकांना लागूनच. अलिबागच्या पुढे आधी आक्षी, मग नागाव, किनारा एकच. ओहोटी असली की एकीकडून दुसरीकडे वाळूवरून चालत जाता येतं म्हणतात. नागावचं रिसॉर्ट नारळी-पोफळीच्या वाडीत आहे, खोली तळमजल्यावर, मालकीणबाई स्वतः रांधतात. पण किनाऱ्यावर गर्दी, घोडागाड्या, पाण्यातल्या स्कूटर. आक्षीचं शांत, सुरूच्या बनाजवळ, खोली वरच्या मजल्यावर आणि खोलीला गच्ची, तिच्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन. पण जेवण म्हणे बेताचंच. बरोबर येणार आहे माझी ऑफिसातली मैत्रीण, शेजारच्या टेबलावरची. बावीस वर्षं आम्ही डबा एकत्र खातो आणि आजवर सगळं तिनंच ठरवलंय, चहा कोणाकडचा प्यायचा इथपासून. या खेपेला तिने हात वर केले. म्हणाली, "या वेळेला तू ठरव. कारणं सांगत बसू नकोस, मला फक्त नाव सांग." एवढीशी गोष्ट, आणि मला घाम फुटला. मोबाइलवर दोन्हीकडचे फोटो मी इतके पाहिले की नागावच्या खोलीतल्या पडद्यांवरची फुलं मला पाठ झाली. औषधांच्या दुकानदाराला विचारलं, खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या की समुद्र तोच, कुठेही बस. तरी माझं तळ्यात मळ्यात चालूच.

ठरवायची सवयच नाही लागली, अप्पा. आपल्या घरात ठरवायचा तो देव. गावच्या देवळातून आणलेला तो काळा गुळगुळीत पाषाण देव्हाऱ्यात मधोमध असायचा, अजून आहे. शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून तुम्ही त्याच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवायचात, हात जोडून गाऱ्हाणं घालायचात, आणि मग घरातले सगळे गप्प बसून वाट बघायचो. उजवी आधी पडली की होय, डावी पडली की नाही. गावाला हा कौल देवळात लागतो, गुरव लावतो, चार माणसांसमोर. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत गुरव कुठला, म्हणून तुम्हीच गुरव झालात. पंखा घ्यायचा का, दादाला या शाळेतून काढायचं का, आईच्या पोटाचं ऑपरेशन करायचं का, सगळ्याला कौल. मी आठ वर्षांची असताना मे महिन्यात गावी जायचं का, याचा कौल लागला होता आणि मला तर जायचंच होतं. तुमच्या खांद्यामागून मी उजव्या पाकळीवर हळूच फुंकर मारली. पाकळी हलली, पण पडली नाही. तुम्ही वळून पाहिलंत. मारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "देवाच्या कामात माणसान तोंड घालूचा नाय. तो देता ता घेवचा." दोन्ही पाकळ्या तुम्ही हाताने काढल्यात आणि कौल पुन्हा लावला नाहीत. ती सुट्टी मी गॅलरीतल्या कठड्याला टेकून काढली.

तुमचं सगळं आयुष्य माझगावच्या गोदीत गेलं, बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात. एकदा तुम्ही डबा विसरलात आणि आईने मला तो घेऊन पाठवलं. तुम्ही गेटवर येता, कोपरापर्यंत हात काळे. डबा तुम्ही दोन मनगटांमध्ये धरता, फडक्याला ऑइल लागू नये म्हणून. भिंतीपलीकडे समुद्राचा एक तुकडा दिसतोय आणि भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच त्यातून चालली आहे. ही कुठे जाते, मी विचारते. रेवसला, तुम्ही सांगता, तिथून पुढे अलिबाग. तुम्ही गेलाय का कधी? "मी बोटीच्या पोटात जातंय," तुम्ही म्हणता. "वरती बसान जातत ते येगळे." आणि मला चार आण्याच्या गोळ्या घ्यायला सांगून परत आत जाता. त्या दिवशी मला तुमची इतकी कीव आली होती की गोळ्या मी खाल्ल्याच नाहीत, दादाने खाल्ल्या.

मग रत्नागिरी. मी तेवीस वर्षांची होते, फोर्टात एका कंपनीत टायपिस्ट. रत्नागिरीच्या एका सरकारी कचेरीतून नेमणुकीचं पत्र आलं. कायमची नोकरी, राहायला बायकांच्या वसतिगृहात स्वतंत्र खोली. पत्र मी रांगेने सगळ्या चाळीला दाखवलं. तुम्ही ते दोनदा वाचलंत, घडी घालून देव्हाऱ्याखाली ठेवलंत आणि म्हणालात, परवा कौल लावू. परवा सकाळी तुम्ही अंघोळ करून पंचा नेसून बसलात. गाऱ्हाणं अर्ध्यावर होतं तेवढ्यात डावी पाकळी गळून खाली आली. उजवी जागची हलली नाही. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "देवान डावो दिल्यान. आता इषय संपलो." मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. चौथ्या दिवशी तुम्ही दादरहून माझ्यासाठी साडी आणलीत, अबोली रंगाची. आईला बरोबर घेतल्याशिवाय कधी हातरुमाल न आणणारा माणूस एकटा जाऊन साडी घेऊन आला. आई हसली नाही, काही बोललीही नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

पुढचं तुम्हाला बरंचसं माहीत आहे. स्थळं आली, त्यांना कौल लागले, मग स्थळंच यायची थांबली. दादा डोंबिवलीला गेला. तुम्ही गेलात. सहा वर्षांपूर्वी आई मोरीत पडली आणि तेव्हापासून ती कॉटवर आहे. पहाटे पाचला पाणी भरायचं, तिचं अंग पुसायचं, चहा भरवायचा, नऊला बाई आली की धावत ऑफिस, आणि बाई सहाला जाते म्हणजे सहाला जाते, म्हणून सहाच्या आत धावत घरी. सहा वर्षांत मी चाळीबाहेर एक रात्र काढलेली नाही. दादाने याआधी तीनदा कबूल केलं होतं की मी येऊन राहतो, तू चार दिवस कुठेतरी जा. एकदा मुलीची परीक्षा आली, एकदा वहिनीची पाठ धरली, एकदा त्याच्या ऑफिसात तपासणी निघाली. प्रत्येक वेळी मी फोनवर "असू दे रे" म्हणाले आणि मग महिनाभर भेटेल त्याला ऐकवलं. माझं एक वाक्य तर चाळीत लहान मुलांनाही पाठ आहे: आमच्या अप्पांनी त्या दिवशी अडवलं नसतं तर मी आज अशी नसते. ते म्हणताना मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

गुरुवारी सकाळी मी हरले आणि बाजारातून शेवंतीची दोन फुलं आणली. तुमच्यामागे मी कधी कौल लावला नव्हता. उजवी पाकळी नागावची, डावी आक्षीची. गाऱ्हाणंही नीट येईना. देवाला रिसॉर्टचं काय सांगणार? आई कॉटवरून बघत होती. बरेच दिवस ती मला तिची बहीण समजते, पण त्या दिवशी तिचं डोकं अगदी ताळ्यावर होतं. कसलो कौल, तिने विचारलं. मी सांगितलं, तीन दिवस जायचंय, दादा येणार आहे तुझ्याजवळ. तिने देव्हाऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "रत्नागिरीच्या येळेक तुझ्या बापाशीन उजव्या पाकळयेक तूप लायल्यान हुता. चेडवाक लांब धाडूक तेका धीर झालो नाय. दुसऱ्या दिवशी ती पाकळी मी नखान खरवडून काढलंय." एवढं बोलून ती भिंतीकडे वळली. इकडे माझ्या दोन्ही पाकळ्या पाषाणाला चिकटून बसलेल्या. पाऊण तास मी वाट पाहिली. एकही पडली नाही. शेवटी हाताने काढल्या आणि डबा न घेताच ऑफिस गाठलं.

दोन दिवस मी देवाजवळ दिवा लावला नाही. राग देवावर नव्हता, तुमच्यावर होता. मला फुंकरीवरून बोलणारा माणूस, आणि त्याने उजवी पडू नये म्हणून तूप लावावं? मनातल्या मनात मी तुमच्याशी इतकी भांडले की ऑफिसात मैत्रिणीने विचारलं, ओठ कसले हलवतेस. काय काय म्हणाले तुम्हाला. माझा जन्म तुम्ही या खोलीत कोंडलात म्हणाले, अबोली साडीने तोंड बंद केलंत म्हणाले. आणि काल दुपारी, आईला भात भरवताना, भांडायला एकदम शब्दच संपले. कारण आईने मला नवीन काहीच सांगितलं नव्हतं, अप्पा. मी पाहिलं होतं. त्या सकाळी मी मोरीपाशी तांदूळ धूत होते, आणि तुमचं बोट निरांजनाशेजारच्या तुपाच्या वाटीत गेलेलं मला सरळ दिसत होतं. एक शब्द बोलले असते तर तुम्हाला वर मान करता आली नसती. मी तांदूळ धूत राहिले. त्याआधीच्या दोन रात्री मला झोप नव्हती. अनोळखी गाव, संध्याकाळी कुलूप उघडून रिकाम्या खोलीत शिरायचं, तापाने फणफणले तर पाणी द्यायला कोणी नाही, असलं सगळं डोळ्यांसमोर येत होतं. तुमचं बोट तुपात बुडालं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं, बरं झालं. घाबरट मी होते, आणि नाव तुमचं लागलं. मोरीतलं ते रडणं खरं होतं, पण कशासाठी होतं ते मी एकतीस वर्षं कोणाला कळू दिलं नाही. दादाच्या तीन खेपांनाही हेच. फोन ठेवला की आधी हायसं वाटायचं, तक्रार नंतर सुरू व्हायची.

आज जेवणं झाल्यावर मी मैत्रिणीला फोन केला आणि म्हटलं, आक्षी. ती म्हणाली, "झालं? एवढ्यासाठी तीन आठवडे?" आणि हसली. गच्चीवर दिवसभर ऊन असतं म्हणून आक्षी, दुसरं काही कारण नाही. जेवणाचं बघून घेऊ. फोन ठेवला. मग मी फोनसमोरच बसून राहिले, दादाचा फोन येईल म्हणून. त्याचं काहीतरी निघणारच, परीक्षा म्हणा, पाठ म्हणा. "असू दे रे, तुझी कामं आधी," हे मी मनात तयारही ठेवलं होतं. आणि खरंच त्याचा फोन आला. आईच्या सकाळच्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात ते त्याला विचारायचं होतं. म्हणाला, मी गुरुवारी संध्याकाळीच येतो, म्हणजे तुला शुक्रवारची पहिली बोट मिळेल. मग म्हणाला, "तू जा गं. इतकी वर्षं तू केलंस." मी गोळ्यांचा डबा सांगितला आणि फोन ठेवला. त्यानंतर वही काढून तुम्हाला लिहायला बसले. हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मलाही कळतं. तुम्हाला जाब विचारायचा म्हणून ते लिहायला घेतलं नाही, माफी मागायची म्हणूनही नाही. दादाने हो म्हटलं, आईनेही अडवलं नाही, आणि तुम्ही तरी नको म्हणाल असं वाटलं, अप्पा, म्हणून लिहीत बसले.