पंगतीत घुसलेली गाठ

दिपमालाच्या आजोबांना मुंबईहून नमस्कार.

मला ताप आला ऐकून रडत बसू नका. डॉक्टरीणबाईने समजावलं, "आजी, तुमची कॅन्सरची गाठ शरीरातल्या पहारेकरी पेशींना इशारा करते, 'मी घरचीच आहे, मारू नका.'" आपल्या सुलक्षणाच्या लग्नात तो भामटा 'मी नवरदेवाकडचा' म्हणत तीनदा वरणबट्टी जेवला ना, तशीच ही! सलाईनमधल्या नव्या औषधाने तिचा इशारा अडवला. पहारेकरी जागे झाले, म्हणून अंग तापलं.

कालच्या फोटोत गाठ निम्मी दिसली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला मात्र हेच औषध लागू पडलं नाही. तिच्याकडे बघवत नाही.

वेळेवर जेवता ना? म्हैस दूध देते का?

दिवाळीला येते. शिरपूरच्या स्टँडवर दाढी करून या, आत्तापासून विधुर दिसू नका.

तुमचीच,
कमल