झोरिन्काचं छत

वेनेलिनदादा,

गुरुवारी दुपारी आपल्या झोरिन्का दुकानाचं छत कोसळलं. आत कुणीच नव्हतं. हे आधी लिहिते, नाहीतर तुझा जीव खालीवर होईल.

झोरिन्का कंपनी बुडाल्यावर इतर गावांतल्या तिच्या दुकानांत कुठे व्यायामशाळा आली, कुठे लग्नाचा हॉल. आपलं मात्र त्या लाल खांबांवर रिकामंच उभं होतं. यंदाचा बर्फ त्याला पेलला नाही. मी धावत गेले, तर तेव्हा गल्ल्यावर माझ्या शेजारी बसायची ती स्तांका तिथे उभी. म्हणाली, "आणि आपण तुझ्या भावाला भित्रा ससा म्हणायचो गं!"

अकरा वर्षांपूर्वी, नाताळच्या आदल्या दिवशी, छत करकरलं म्हणून तू भरलं दुकान रिकामं केलंस. लोक हातातली चीज भरलेली गरम बानित्सा खात खात, तुला हसत बाहेर पडले. चौकशीला आलेल्या साहेबांना मी सांगितलं, "मला काही ऐकू आलं नाही." मॅनेजरची तुझी नोकरी गेली, तू स्पेनला गेलास. माझी नोकरी टिकली.

दादा, मी ऐकलं होतं. दोनदा. पुढे दुकान बंद होईपर्यंत दर हिवाळ्यात मी जीव मुठीत धरून बिलं केली.

त्या ढिगाऱ्यासमोर मी आधी हसले, मग रडले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

हे पत्र मात्र टाकणार नाही. कागदावर कबूल करून सुटणं फार सोपं आहे. रविवारी तुला फोन करते. तू हवं तेवढं बोल, मी मध्येच ठेवणार नाही.

तुझीच,
रोसित्सा