रविवारच्या सिनेमांची वाटणी

मी, मुकुल जयसिंगराव फणसे, वय चोवीस, राहणार स्नेहलतागंज, इंदूर, धंदा काही नाही (वडिलांच्या मते), लिहून ठेवतो की उद्या माझ्या मेंदूतली गाठ काढणार आहेत. मी टेबलावरून परत येईन अशी आशा डॉक्टरांनी दाखवली नाही, मीही धरलेली नाही. गाठ डोक्यात असली तरी डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला सोबत आहे. कोणी दडपण आणलेलं नाही. आणून तर बघावं!

१. वडील जयसिंगराव यांना माझं तिसऱ्या वर्षात सोडलेलं इंजिनिअरिंग, पुस्तकांसकट. "सिनेमे बघून कोणी मोठा झालाय का?" असं ते रोज जेवताना विचारत. बाबा, नाही झालो. आता तरी नीट जेवा.

२. प्रोजेक्टर आणि पडदा विष्णूला. विष्णू पाट्या रंगवतो. त्याच्या दुकानावरच्या खोलीत आमची रविवारची बैठक भरते: चित्रकार, तबलजी, नाटकवाले. ज्याची पाळी त्याने आपला लाडका जुना सिनेमा आणायचा, स्वतः पडद्याकडे पाठ करून बसायचं आणि बाकीच्यांचे चेहरे बघायचे. संपल्यावर एकच वाक्य बोलायचं. बैठक बंद करू नये. विष्णू म्हणतो, "भिया, तू नाही तर सगळे फक्त समोसे खायला येतील." येऊ देत.

३. मधुरिमा मूळची नाशिकची, इथे पुस्तकांसाठी चित्रं काढते. तिला माझे सगळे सिनेमे, मुख्यतः टांगेवाल्याचा. त्यातला टांगेवाला शेवटपर्यंत प्रेमाचं बोलत नाही, फक्त घोड्याशी बोलतो. होळीनंतर तो मी बैठकीत लावला आणि तिचा चेहरा बघत बसलो. ती रडली. मग माझं वाक्य आलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "मधुरिमा, वर्षभर मी तुझ्या जवळ यायची चेष्टा करतोय."

आम्हा इंदूरकरांची चेष्टा हिंदीतली, म्हणजे धडपड. नाशिकची चेष्टा म्हणजे थट्टा. ती उठली. "छान! चालू दे तुझं," म्हणाली आणि जिना उतरली. विष्णू ओरडला, "अरे, समजव ना तिला!" मी त्यालाच धरून बसवलं. जिला वर्षभर माझा चेहरा वाचता आला नाही, तिला शब्दकोश कशाला दाखवू? मी गेल्यावर विष्णूने हा खुलासा तिला वाचून दाखवावा.

४. अनीश, तिचा होणारा नवरा, याला काही नाही. तो सिनेमा दीडपट वेगाने बघतो.

५. हे लिहीत असतानाच मधुरिमा आली आहे. लग्नपत्रिका घेऊन. "तुझी ती चेष्टा मी कधीच विसरले," म्हणते, "बरा हो आणि लग्नाला ये." मला दुसरा साक्षीदार मिळत नव्हता. ती म्हणते, "मी करते की सही. वाचू का आधी?" मी सांगितलं, साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, फक्त माझी सही होताना बघायची.

वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे साक्षीदाराला वाटणी देऊ नये. म्हणून कलम तीन रद्द, खुलाशासकट. सिनेमे विष्णूला. वाचून कोणालाही दाखवू नये.

ती पेन मागते आहे, म्हणून इथे थांबतो.

सही: मुकुल जयसिंगराव फणसे

साक्षीदार:
१. पंढरीनाथ चौधरी, राहणार बेटमा, सध्या शेजारच्या पलंगावर
२. मधुरिमा गायधनी

इंदूर, रविवार, १६ नोव्हेंबर २०२५