लायसन मनवाच्या नावे

१० नोव्हेंबर
सदुसष्टाव्या वर्षी नोकरी लागली! भोईवाडा कोर्टासमोरचं टायपिंगचं दुकान, काळाचौकीतल्या आमच्या चाळीपासून पायी पाव तास. मालक दीपकशेठनी हातात पेनड्राइव्ह ठेवला. म्हणाले, तात्या, अख्खं ऑफिस यात आहे. इन्स्टॉल करायची झिगझिग नाही, कुठल्याही मशीनला लावा नि प्रतिज्ञापत्रं बडवा. आधीच्या टायपिस्ट आनंदीबाई हाच वापरायच्या. त्यांची उशी अजून खुर्चीवर आहे. लावल्याबरोबर चौकट आली, लायसन कोणाच्या नावे? आमच्या घरची रीत, नव्या वस्तूला पहिला हात मनवाचा. सात वर्षांची नात, हाताला यश. तिचंच नाव घातलं. लगेच ॲक्टिव्हेट! ही रोजनिशीही त्यातच टाइप करतोय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

१२ नोव्हेंबर
वर पिवळी पट्टी आलीय: मनवा, पाच दिवस शिल्लक. दीपकशेठ म्हणाले, जुगाडाचं लायसन, कुरकुरणारच, आनंदीबाईंनाही दिसायची. त्या कुठे असतात विचारलं, तर म्हणाले, गेल्या हो, याच खुर्चीत. मी उशी हळूच कपाटावर ठेवली. मनवा शाळेतून आली ती न जेवताच झोपली. सूनबाई सीमा म्हणते, दिवाळीचा फराळ बाधला.

१४ नोव्हेंबर
तीन दिवस. मेनूतली निम्मी बटणं करडी पडलीत, दाबली तर दबत नाहीत. मनवाच्या बोटांत पेन्सिल राहत नाही. ओठ करडे. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट सगळे चांगले.

१५ नोव्हेंबर
दुसऱ्या मशीनला लावून पाहिला. तिथेही मनवाच. लायसनच्या पानावर आधीची नावं सापडली. धर्मा, मुदत संपली. आनंदीबाई, मुदत संपली, एक ऑक्टोबर. दीपकशेठना विचारलं. तोच आनंदीबाईंचा शेवटचा दिवस. धर्मा त्यांच्याआधीचा टायपिस्ट. तोही खुर्चीतच —

१६ नोव्हेंबर
काल मशीन बदलताना काही झालं नव्हतं, म्हणून सकाळी पेनड्राइव्ह उपटून काढला. फोन वाजला. सीमा किंचाळत होती, पोरगी श्वास घेत नाही म्हणून. परत लावला — घेतला श्वास. आता काढवत नाही. फेकवत नाही. एक दिवस.

१७ नोव्हेंबर
बाय माझी नुसती बघते, बोलत नाही. सगळी बटणं करडी — एक सोडून. लायसन उरलेल्या मुदतीसह दुसऱ्याच्या नावे करा.
माझं घातलं.
सीमाचा फोन — मनवा उठून बसली, म्हणते तात्यांना बांगडा आणायला सांग. आणतो गो —
पट्टी. तात्या, शून्य दिवस. उशी खुर्चीवर परत कशी — बोटं करडी —
दीपकशेठ, पुढच्याला सांगा, नाव घालू न